साखर स्वस्त, पिशवी महाग



परवा विरार स्टेशनाजवळ आगाशीकडच्या एक ओळखीच्या ताई भेटल्या. दोन्ही हातांत मोठ्या दुकानातल्या पिशव्या. "साहेब, साखर किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त मिळाली!" पाच किलो साखरेत दहा रुपये वाचले खरे, पण रिक्षाचे जाऊन-येऊन चाळीस गेले. शिवाय प्लास्टिकचे डबे आणि बिस्किटे यादीत नसताना पिशवीत आली. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

यात दुकानदाराची लबाडी नाही, ती त्याची रीत आहे. मोठे दुकान कंपनीकडून माल एकदम उचलते, म्हणून त्याला तो स्वस्त पडतो. 2002 साली पवईला सुरू झालेल्या डी-मार्टने लवकर पैसे चुकते करून कमी दरात माल घेण्यावरच जम बसवला. साखर, तेल, तूरडाळ यांचे भाव गिऱ्हाइकाला पाठ असतात. म्हणून मोठी दुकाने त्यांवर नफा थोडा ठेवतात आणि ज्यांचा भाव कुणाच्या ध्यानात नसतो, अशा वस्तूंवर तो भरून काढतात.

गावचा वाणी घाऊक व्यापाऱ्याकडून थोडा थोडा माल आणतो. त्याला तो महागच पडतो. पण तो पन्नास ग्रॅम जिरे देतो, रात्री दार उघडतो आणि वहीवर उधार लिहितो. त्या उधारीचे व्याज त्याच्या भावात असते. मात्र त्याचा भाव हलता असतो. महिन्याची पूर्ण यादी त्याच्यापुढे ठेवा आणि "रोखीने काय लावाल?" असे विचारा. छापील किंमत ही कमाल मर्यादा आहे. त्याहून कमी घेता येते. जास्त घेणे मात्र कायद्याने गुन्हा आहे.

आता पुढील गोष्टी करा:

1. नेहमीच्या दहा वस्तूंचे भाव दोन्हीकडे विचारा आणि बेरजेची तुलना करा. एकट्या साखरेवर जाऊ नका.

2. वजन वाचा. एक लिटर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरते. पण पूर्वीचे ठरावीक मापांचे बंधन उठल्यामुळे 800-850 ग्रॅमच्या पिशव्याही तशाच दिसतात. समजा, 850 ग्रॅमची पिशवी 136 रुपयांना आणि 910 ग्रॅमची 141 रुपयांना आहे. पहिली स्वस्त वाटते, पण ती ग्रॅमला 16 पैसे पडते आणि दुसरी साडेपंधरा. 2021 च्या नियमदुरुस्तीनुसार हा ग्रॅमचा किंवा किलोचा दर पाकिटावरच छापावा लागतो. तो शोधा.

3. जाण्या-येण्याचे भाडे बेरजेत धरा. चार घरांनी मिळून एकच फेरी केली तर मोठे दुकान खरोखर परवडते.

हा हिशेब सांगितल्यावर ताई म्हणाल्या, "साहेब, गेल्या पावसाळ्यात भाजी कुजली, तेव्हा दोन महिने वाण्याच्या वहीनेच घर चालवले."

हेही हिशेबातच धरा. मोठ्या दुकानात उधारीची वही नसते. सगळी रोख खरेदी तिकडे आणि अडीनडीची उधारी तेवढी वाण्याकडे, असे झाले तर त्याचे दुकान टिकणार नाही. तेव्हा जे तिकडे खरोखर स्वस्त, ते तिकडून घ्या. बाकीचे वाण्याकडून रोखीने घ्या आणि मागची बाकी हंगाम येताच चुकती करा.