आधी रूळ, मग मजले

गेल्या पंचवीस वर्षांत पुणे कुठे वाढले? जिथे ऑफिसे गेली तिथे. हिंजवडीत आयटी पार्क आले आणि वाकड, ताथवडे, मारुंजी, बालेवाडीत घरांच्या इमारती उभ्या राहिल्या. खराडीत काचेची संकुले आली आणि वाघोलीपर्यंतची शेते बिनशेती झाली. विकास आराखडा वीस वर्षांचा असतो, तो मंजूर व्हायलाच कित्येक वर्षे जातात. ऑफिसची इमारत मात्र तीन-चार वर्षांत उभी राहते आणि घरे, शाळा, दवाखाने, हॉटेले, किराणा दुकाने सगळे आपल्यामागे ओढून नेते. म्हणून मोठ्या ऑफिस-संकुलाला परवानगी देणे हा त्या भूखंडापुरता निर्णय नसतो. शहर पुढे कोणत्या दिशेला जाणार, हे त्या एका सहीने ठरते. महाराष्ट्रात ही सही बहुतेक वेळा चुकीच्या क्रमाने होत आली आहे. आधी मजले, मग रस्ता, आणि सगळ्यात शेवटी रेल्वे. हा क्रम उलटा करणे हेच आपल्या शहरांच्या भवितव्याचे सर्वांत निकडीचे काम आहे.

हिंजवडीचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. एमआयडीसीने इथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारायला सुरुवात केली ती गेल्या शतकाच्या अखेरीस. फेज वन भरले, मग टू, मग थ्री. देशातल्या आणि परदेशातल्या नामांकित कंपन्या आल्या. पण शिवाजीनगर ते माण-हिंजवडी या सुमारे तेवीस किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन झाले ते डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे पार्क सुरू होऊन जवळजवळ दोन दशकांनी. या दोन दशकांत भूमकर चौक आणि शिवाजी चौक ही नावे पुण्यात वाहतूक कोंडीसाठीच ओळखली जाऊ लागली. पार्काच्या आतला रस्ता एमआयडीसीचा, भोवतालच्या भागाचे नियोजन पीएमआरडीए या महानगर प्राधिकरणाकडे, वाकडची हद्द पिंपरी-चिंचवड महापालिकेची आणि रोजचा कचरा व सांडपाणी ग्रामपंचायतींच्या गळ्यात. अशी वाटणी असली की काम कुणाचेच नसते. जून २०२५ मध्ये एका पावसात इथले रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा नाले कुणी बुजवले आणि ते मोकळे कुणी करायचे यावरच चर्चा रंगली. अब्जावधी रुपयांची निर्यात करणाऱ्या या भागाला स्वतःची नगरपालिका नसावी, ही गोष्ट कुणाही नियोजकाला अस्वस्थ करणारी आहे.

हिंजवडीत तास वाया जातात. मुंबईच्या गिरणगावात याच क्रमाने माणसांचे जीव गेले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन विकसित करताना तिचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी त्यामागची कल्पना होती. २००१ मध्ये या नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांच्या आवारात रिकामी जमीन मुळातच थोडी, त्यामुळे शहराच्या वाट्याला आलेली जागाही थोडी. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. पुढे लोअर परळ, एल्फिन्स्टन रोडच्या परिसरात ऑफिसांचे मनोरे उभे राहिले. जिथे पाळीचे गिरणी कामगार चालत कामावर जात, तिथे आता वसई-विरारपासून आणि कल्याण-डोंबिवलीपासून हजारो कर्मचारी लोकलने येऊ लागले. स्थानके मात्र तीच राहिली आणि पूलही तेच. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. त्यानंतर लष्कराला बोलावून नवा पादचारी पूल बांधून घेण्यात आला आणि काही महिन्यांत तो खुला झाला. म्हणजे पूल बांधणे अवघड नव्हते. तो ऑफिसांच्या आधी बांधला पाहिजे, हे कुणाच्या परवानगीच्या कागदावर लिहिलेले नव्हते.

वांद्रे-कुर्ला संकुलाची गोष्ट याहून सौम्य आहे, पण धडा तोच. दक्षिण मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी १९७७ मध्ये तेव्हाच्या बीएमआरडीएकडे (आजच्या एमएमआरडीएकडे) या जागेचे नियोजन सोपवण्यात आले. राष्ट्रीय शेअर बाजार आला, हिरे बाजार आला, बँकांची मुख्यालये आली. मिठी नदीकाठची दलदल देशातल्या सर्वांत महाग ऑफिस-जागांपैकी एक बनली. पण नोकरदार मात्र वांद्रे किंवा कुर्ला स्थानकात उतरून रिक्षाच्या रांगेत उभा राहत होता. भुयारी मेट्रो या संकुलात पोचली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. नियोजनाची जबाबदारी ठरल्यापासून मेट्रोत पाऊल ठेवेपर्यंत सत्तेचाळीस वर्षे गेली. एका पिढीची अख्खी नोकरी त्या रांगेत संपली.

हे असेच होत असते, याला इलाज नाही, असे कुणी म्हणेल तर त्याने खाडी ओलांडून पाहावे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून नवी मुंबई आकाराला आली आणि ती वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. सिडकोने एक गोष्ट नेमकी ओळखली होती. जमीन विकून मिळणारा पैसा हा शहराचा पैसा आहे, आणि तो आधी रुळांत घातला पाहिजे. नवी मुंबईतल्या रेल्वेमार्गांच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला, उरलेला रेल्वेने. १९९२ मध्ये लोकल वाशीला पोचली. २००४ मध्ये ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे असा मार्ग सुरू झाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले रासायनिक कारखाने ओसरत होते, तेव्हा तिथे रूळ होते. त्या रुळांलगत ऐरोलीची मोठी आयटी संकुले वाढली. वाशी आणि बेलापूरला स्थानकांच्या इमारतींमध्येच ऑफिसे आली. आजही डोंबिवलीची मुलगी ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीच्या ऑफिसात वेळेवर पोचते. हिंजवडीतल्या तिच्या मैत्रिणीला तेवढी खात्री कुणी दिलेली नाही.

नवी मुंबईतही एक मोठी चूक झाली आणि ती दडवून ठेवता येत नाही. मंत्रालय खाडीपलीकडे हलवावे, ही मूळ कल्पनेतली कळीची गोष्ट होती. ती झाली नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून ऑफिसांचे मनोरे उभे राहिले. त्यामुळे बेलापूरच्या व्यापारी केंद्राला भरायला दशके लागली. रेल्वे हवीच, पण सरकारने स्वतःचे ऑफिसही तिथे नेले पाहिजे, नाहीतर बाजाराला विश्वास वाटत नाही, हा त्यातून घेण्याचा धडा आहे.

इलाज असल्याचे दुसरे उदाहरण पुण्यातल्या हडपसरचे. मगरपट्टा सिटीसाठी सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांहून अधिक जमीन विकून न टाकता एकत्र केली आणि ती स्वतःच विकसित केली. ऑफिसे, घरे, शाळा, बाजार आणि बाग एकाच कुंपणात आली. अनेकांना कामावर चालत जाता आले आणि जमीनमालक भागधारक झाले. हा नमुना सगळीकडे जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण ऑफिस आणि घर यांच्यातले अंतर हा नशिबाचा भाग नसतो, ते ठरवून कमी करता येते, हे त्या शेतकऱ्यांनी करून दाखवले.

मग बाकी ठिकाणी क्रम उलटा का झाला? त्याला कायदाही कारणीभूत आहे. आयटी धोरणांनी आयटी पार्कना जादा एफएसआय (जास्त बांधकामाची मुभा) दिला, पण तो देताना जवळ स्थानक आहे का, हे विचारले नाही. २००५ च्या सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) कायद्याने करसवलत दिली, पण सुरुवातीच्या नियमात आयटी सेझलाही किमान दहा हेक्टर सलग जागा लागे. शहरात दहा हेक्टर सलग जागा मिळणार कुठे? साहजिकच कंपन्या शहराबाहेर गेल्या. दुसरे कारण पैशाचे. भूखंड लिलावात विकला की प्राधिकरणाच्या तिजोरीत रक्कम लगेच जमा होते, आणि वाहतुकीचा खर्च मात्र पुढच्या सरकारच्या माथी जातो. अशा हिशेबात भूखंड नेहमीच पुढे आणि रेल्वे नेहमीच मागे राहणार.

आज या हिशेबात बदल करण्याची संधी आहे. ३१ मार्च २०२० नंतर सुरू होणाऱ्या सेझ युनिटांना ती आयकर सवलत राहिलेली नाही. त्यामुळे केवळ करासाठी गावाबाहेर जाण्याचे कारण संपले. घरून आणि ऑफिसातून असे मिश्र काम रुळल्यापासून कंपन्यांना कर्मचाऱ्यांना ऑफिसात आणायचे तर प्रवास सुसह्य करावा लागतो. परदेशी कंपन्यांची ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर्स शहर निवडताना भाड्याइतकाच विचार माणसे मिळण्याचा आणि ती वेळेवर पोचण्याचा करतात. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत मेट्रो स्थानकाच्या ५०० मीटर परिसरात जादा एफएसआयची तरतूद आहे. म्हणजे बाजार, कर्मचारी आणि नियम तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत आहेत. शिवाजीनगर, स्वारगेट, पिंपरी, वनाज अशा मेट्रो लाभलेल्या भागांत जुन्या, मोडकळीला आलेल्या इमारती आहेत, सरकारी खात्यांच्या अर्धवट वापरातल्या जागा आहेत. नवी ऑफिसे आधी तिथे गेली पाहिजेत.

यातला एक धोका आधीच ओळखायला हवा. स्थानकाजवळचे भाडे वाढते आणि पहिला बळी जातो तो छोट्या माणसाचा. झेरॉक्सवाला, शिंपी, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाई, तळमजल्यावरचे डॉक्टर आणि वकील यांना हुसकावून जर स्थानकाभोवती फक्त मोठ्या कंपन्यांचे मजले उभे राहणार असतील, तर ते शहर संध्याकाळी सातनंतर ओस पडेल. ऑफिसातले सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि कॅन्टीनमधली मुले यांनाही कुठेतरी राहायचे असते. जादा एफएसआय ही लोकांनी दिलेली देणगी आहे. तिच्या बदल्यात तळमजल्यावर लहान गाळे आणि त्याच परिसरात परवडणारी भाड्याची घरे मागणे हा लोकांचा हक्क आहे.

सर्वांत मोठी परीक्षा पुढे उभी आहे ती रायगड जिल्ह्यात. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याच महिन्यात उरणपर्यंत लोकल पोचली. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. १२४ गावांच्या, सुमारे ३२३ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात तथाकथित तिसरी मुंबई वसवण्याचे काम एमएमआरडीएकडे आहे. इथे भाताची खाचरे आहेत, मिठागरे आणि खारफुटी आहे, आणि १९८४ साली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जासईच्या परिसरात रक्त सांडलेल्या शेतकऱ्यांची पुढची पिढी आहे. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क याच लढ्यातून आला. या लोकांच्या जमिनीवर पुन्हा एकदा आधी मनोरे आणि मग वाहतूक असा प्रयोग करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

म्हणून सरकारकडे चार मागण्या. मोठ्या ऑफिस-संकुलाचे भोगवटा प्रमाणपत्र त्याच्या चालत जाण्याच्या अंतरात रेल्वे, मेट्रो किंवा पुरेशी बससेवा प्रत्यक्ष सुरू झाल्यावरच द्यावे. भूखंड विक्रीचा आणि जादा एफएसआयच्या प्रीमियमचा ठरावीक हिस्सा त्याच भागाच्या वाहतूक, पाणी आणि मलनिःसारणासाठी राखीव ठेवावा आणि त्याचा हिशेब दर वर्षी जाहीर करावा. हिंजवडीसारख्या भागाला एकच जबाबदार नागरी संस्था द्यावी. आणि नव्या शहरात खासगी कंपन्यांना बोलावण्याआधी सरकारने आपली महत्त्वाची कार्यालये तिथे हलवावीत.

यातली एकही मागणी नवी किंवा अशक्य नाही. सिडकोने रुळांत पैसा घातला होता, लष्कराने काही महिन्यांत पूल बांधला होता, शेतकऱ्यांनी कामाजवळ घर आणून दाखवले होते. जे एकदा झाले ते पुन्हा करता येते. उरला प्रश्न तुमचा-आमचा. आपल्या शहराच्या किंवा गावाच्या विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातील, तेव्हा घरी बसू नका. मुदतीच्या आत लेखी अर्ज द्या आणि त्यात एकच प्रश्न विचारा: या ऑफिसात येणारा माणूस कशाने येणार, आणि ती सोय कोणत्या तारखेला सुरू होणार? उत्तरात तारीख नसेल, तर परवानगीही नसावी.