पिन टाकू नका

गेल्या डिसेंबरात देवबागच्या संगमावर, कर्लीची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, मी एका माणसाचं जाळं फाडलं. आम्ही तिघे पुण्याचे, मित्राची हवा भरायची बोट, मागे छोटं इंजिन, हातात रॉड. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे तरंगत होते. मला तो कचरा वाटला. ते जाळ्याचे बोये होते. माझ्या लुअरचे गळ जाळ्यात अडकले, ते सोडवायला आम्ही बोट मागे घेतली आणि जाळं पंख्यात गुंडाळलं गेलं.

जाळ्याचे मालक होडी वल्हवत आले. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होतो. ते एवढंच म्हणाले, "तुमचो आयतवार फुकट गेलो. आमचो आठवडो गेलो." आम्ही पैसे दिले, त्यांनी ते घेतले. पण जाळं दुरुस्त होईपर्यंतच्या दिवसांचं काय?

हा अपघात होता. खरा गुन्हा मी रात्री केला. एक तांबोशी मिळाली होती, तिचा फोटो आणि जागेची पिन मी अँगलिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये दीडशे जण. जानेवारीत परत गेलो तर तिथे पाच बोटी होत्या आणि सगळे एकमेकांच्या दोऱ्यांवर दोऱ्या फेकत होते. काका नव्हते. ते आता दुसरीकडे जाळं टाकतात, असं किनाऱ्यावर कळलं.

आपल्या छंदातल्या लोकांचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: समुद्र कुणाच्या बापाचा नाही. बरोबर, तुमच्याही बापाचा नाही. आणि 'सगळ्यांचा' म्हणजे 'जो आधी घुसेल त्याचा' असं होत नाही. बोटींची टक्कर टाळण्याचे १९७२ सालचे आंतरराष्ट्रीय नियम बघा. इंजिनवर चालणाऱ्या बोटीने मासेमारीत गुंतलेल्या बोटीला वाट द्यायची. पण मासेमारीत गुंतलेली म्हणजे कोणती? जिच्या जाळ्यामुळे तिला सहज वळता येत नाही ती. मागे दोरी सोडून फिरणारी बोट त्यात धरलेलीच नाही. म्हणजे बाजूला आपण व्हायचं. हातात महागडा रॉड आहे म्हणून आपण मच्छीमार ठरत नाही.

दुसरं उत्तर: खरा नाश तर पर्ससीनवाले आणि एलईडीवाले करतात, आमच्या चार गळांनी काय होतं? एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तिच्याविरुद्ध कोकणातले पारंपरिक मच्छीमार अजून ओरडताहेत. त्यांचं ओरडणं योग्यच आहे. पण मोठा चोर दाखवून आपली चोरी माफ होत नाही. त्या बोटींमुळे ज्याचं पोट आधीच मारलं गेलंय, त्याची उरलेली खाडीसुद्धा आपण शनिवार-रविवारी व्यापतो, हे जास्त वाईट आहे.

तिसरं उत्तर: आम्ही मासा सोडून देतो. सगळे सोडतात का? जिताडा जन्माला येतो नर म्हणून आणि मोठा झाल्यावर मादी होतो. फोटोसाठी आपण ज्या मोठ्या जिताड्याच्या मागे असतो, ती बहुतेक वेळा अंड्यांनी खाडी भरणारी मादी असते. आणि तांबोशी, हेकरू हे खडकाच्या आसऱ्याने राहणारे मासे. एका खडकाची पिन दीडशे फोनांत गेली की तो खडक रिकामा व्हायला फार रविवार लागत नाहीत.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एकाच फाइलवर दोन प्रोग्राम एकदम लिहायला लागले की फाइल बिघडते, म्हणून आम्ही कुलूप घालतो: एकाचं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. हे ऑफिसात मला रोज कळतं. पाण्यावर गेल्यावर मात्र मी विसरलो, कारण तिथे माझा रिव्ह्यू करणारं कुणी नव्हतं.

म्हणून आपल्यापुरतं एवढं पाळूया. बोये दिसले की लांबून वळसा घ्या. कुणी आधीपासून मासेमारी करत असेल तर त्याच्यापर्यंत इंजिन लावून जाऊ नका, त्याच्या प्रवाहाच्या वरच्या बाजूला नांगर टाकू नका. अंदाज येत नसेल तर गावातल्या माणसाची होडी भाड्याने घ्या. जाळं कुठवर आहे हे त्याला ठाऊक असतं आणि पैसेही गावात राहतात. फोटो टाका, पिन टाकू नका. मागे दिसणारा दीपस्तंभ किंवा पूलसुद्धा कापा, लोक त्यावरून जागा ओळखतात.

माझी पिन मी डिलीट केली. पण तोवर ती पुढे किती ग्रुपांत गेली, हे मला कधीच कळणार नाही. त्यातलं कुणी हे वाचत असेल तर एक विनंती: तिथे गेलात तर आधी इंजिन बंद करा आणि विचारा, "काका, जाळं कुठवर आहे?"