वाळूचा दंड आणि विहिरीचें पाणी

गोदावरीच्या पात्रांतील वाळू सरकारच्या दप्तरीं एक गौण खनिज आहे. कांठच्या गांवांस ती पाण्याची कोठी आहे. पुराचें पाणी तींत मुरतें, तेथून विहिरींस पाझरतें, आणि पैठण, गंगापूर, वैजापूर या तालुक्यांतील नदीकांठच्या शेतकऱ्याचा उन्हाळा त्यावर निभतो. बेसुमार उपशानें पात्र खोल जातें, आणि त्यामागोमाग विहिरींचें पाणीही खालीं उतरतें.

या हानीची भरपाई कोणीं करावी? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या ४८ व्या कलमान्वयें बेकायदा उपशाबद्दल खनिजाच्या बाजारभावाच्या पांच पटींपर्यंत दंड बसतो. तो वाळूच्या ब्रासांवर मोजला जातो व सरकारी तिजोरींत पडतो. ज्याची विहीर आटली तो या हिशेबांत कोठेंच नाहीं! चोरीचा माल सांपडावा, तो सरकारजमा व्हावा, आणि घरधन्यानें रित्या पेटीकडे पाहत बसावें, अशांतला हा प्रकार होय.

“कायदे पुष्कळ आहेत, अंमल तेवढा हवा,” असें म्हणणारे सद्गृहस्थ येथें पुढें सरसावतील. अंमल हवाच, पण कशाचा? राजस्थानांतील बिछडी येथील विहिरी नासविणाऱ्या रासायनिक कारखान्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं, नासधूस करणारानेंच ती भरून द्यावी, हें तत्त्व लागू केलें. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यांत तें कलमबद्ध झालें. अपघाताच्या प्रसंगीं तर दोष सिद्ध न होतांही भरपाई मिळूं शकते. परंतु विहीर अपघातानें आटत नाहीं. ती वर्षानुवर्षें हात हात खालीं जाते. दाद मात्र पांच वर्षांच्या आंत, तीही पुण्याच्या पीठापुढें मागावयाची. अवर्षणानें आटली कीं उपशानें, हें दोन एकरांच्या धन्यानें कोणत्या साधनांनीं सिद्ध करावें?

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, पट्टा देण्यापूर्वीं कांठच्या प्रत्येक विहिरीची पातळी मोजून ती ग्रामपंचायतींत उघडी नोंदवावी. पुढें ती नदीपासून दूरच्या विहिरींहून अधिक घटल्यास, आपल्या उपशामुळें ती घटली नाहीं हें दाखविण्याचा भार ठेकेदारावर असावा. दंडाचा पहिला वांटाही विहिरीच्या धन्यास मिळावा. महसूल बुडेल, अशी ओरड होईल. होऊं द्या. नदी कोरडी करून भरलेल्या तिजोरींतूनच पुढें टँकरचें भाडें द्यावें लागतें.