पेटी आपल्याच हातात असावी



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या महिला मंडळात पहिला प्रश्न ठरलेला. यंदा विधानाला पार्टी कोणती बोलवायची? पार्टी म्हणजे बाहेरगावचे संगीतकार. एक कीबोर्डवाला, एक ढोलकवाला, एक गाणारा. पिशोरात आपला समाज तो केवढा, तरी पार्टी हवीच. बाकी वर्षभर ब्लूटूथचा स्पीकर आहेच. माझं म्हणणं असं की दहा दिवसांतले निदान पाच दिवस आपल्यातल्याच एखादीने पेटी पुढ्यात घ्यावी, स्वतः वाजवावं आणि स्वतः गावं. पैसे वाचावेत म्हणून मी हे म्हणत नाही. पार्टी आली की आपल्या बायका गप्प बसतात, म्हणून म्हणते.

गप्प का बसतात? भक्ती कमी झाली म्हणून नव्हे. पट्टी जमत नाही म्हणून. पुरुष गायक साधारण काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास गातो. आपल्या बहुतेक बायकांचा गळा काळी चार, काळी पाचला मोकळा लागतो. पुरुषाच्या पट्टीत वर गेलो तर किंचाळल्यासारखं होतं, खाली गेलो तर आवाजच फुटत नाही. मग दोन ओळी झाल्या की बाई नुसती टाळी वाजवते. मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगचंही तेच. ज्याने ते गायलं त्याच्या गळ्याचं माप ते, आपल्या अंगाला कसं बसणार? पेटी आपल्या हातात असली की षड्ज आपण ठरवतो. मागे बसलेल्या आजींना झेपत नाही असं दिसलं की पुढची पूजा दोन पट्ट्या खाली घ्यायची. कुणाला विचारायला नको.

दुसरी गोष्ट चालीच्या वेगाची. जल, चंदन, अक्षत करत अर्घ्यापर्यंत यायचं तर प्रत्येक द्रव्याला हात लागतो, वेळ लागतो. पार्टीवाले मात्र पुढच्या छंदावर गेलेले असतात. मागच्या वर्षी एका पार्टीने जयमाला अशी पळवली की निम्म्या बायकांच्या वाटीत अक्षता तशाच राहिल्या. गाणारी आपली असेल तर ती ताटाकडे बघते. शेवटच्या बाईचा हात ताटापर्यंत पोचेस्तोवर भाता हळू चालवत सूर धरून ठेवते, मग पुढची ओळ उचलते. वाजवणारा वेगळा आणि गाणारा वेगळा असला की थांबायचं कुणी, हे खुणेने ठरवावं लागतं. एकाच माणसाकडे दोन्ही असलं की खुणेची गरज उरत नाही.

हे मला सर्वांत जास्त कळलं ते सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात. त्यांना बारह भावना ऐकायच्या असत. मुलाने मोबाईलवर लावून दिल्या, पण त्यात मध्ये मोठमोठे वाद्यांचे तुकडे. त्या हाताने खूण करत, बंद कर म्हणून. मग मी पेटी खाटेजवळ चौरंगावर ठेवली. चाल वाजवली नाही, नुसता सा धरला, अगदी खालच्या पट्टीत, आणि गुणगुणल्यासारखं म्हणत गेले. खोकला आला की मी शब्द थांबवायची, सूर चालू ठेवायची. त्यांचा श्वास पुन्हा बसला की पुढे. कधी एखादा शब्द त्या माझ्याआधी म्हणत. स्पीकरला हे कसं जमावं, तुम्हीच सांगा.

काही जणी म्हणतात, बाईने मंदिरात वाद्य घेऊन बसणं आपल्यात नव्हतं. त्यांनी आचार्य जिनसेनांचं हरिवंशपुराण पाहावं. ते इ.स. 783 मध्ये पूर्ण झालं. त्यात चंपानगरीच्या चारुदत्त श्रेष्ठीच्या घरची गंधर्वसेना आहे. संगीतात जो मला जिंकेल त्यालाच वरीन, असा तिचा पण. वसुदेव येतो, पुढे केलेल्या वीणांमधले दोष दाखवून त्या बाजूला सारतो. मग सुघोषा नावाची वीणा त्याच्या हाती येते आणि तो ती वाजवत गातो. गातो काय, तर विष्णुकुमार मुनींची कथा, जी आपण दर रक्षाबंधनाला मुलांना सांगतो तीच. पुढे संगीतसमयसार हा गायन-वादनाचा ग्रंथ लिहिणारे पार्श्वदेवही जैनच. आणि अगदी आपल्या काळातलं नाव हवं तर रवींद्र जैन. जन्मापासून दृष्टी नव्हती, लहानपणी मंदिरात भजनं म्हणायचे. पुढे रामायण मालिकेमुळे त्यांचा आवाज घरोघरी गेला, आणि पेटीवर बसून स्वतः गाणं ही त्यांची ओळखच झाली.

अहिंसेचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. भात्याच्या घड्यांना आणि आतल्या झडपांना पूर्वापार मऊ कातडं लावतात. तबला-ढोलकीचं तर विचारायलाच नको. नवी पेटी घेताना कातड्याऐवजी कापड किंवा रेक्झिन लावून मिळेल का, हे कारागिराला आधी स्पष्ट विचारा. तरीही मन घेत नसेल तर साधा कीबोर्ड घ्या, पण तो आपण वाजवा. सामायिकाला मात्र कुठलंच वाद्य नको, तिथे मौनच शोभतं. आपल्या स्थानकवासी मैत्रिणींना वाद्य चालत नाही, त्यांच्यावर माझं हे मत लादायचं नाही.

"हात आणि गळा एकदम कसे चालवायचे?" पोळी लाटता लाटता तव्यावरची उलटतेस ना, तसेच! सुरुवातीला उजव्या हाताने फक्त सा आणि प धरा, डाव्याने भाता. आठ-पंधरा दिवस णमोकार एवढ्यावरच म्हणा. श्वास घेताना भाता हिसडू नका. प्रत्येक शब्दाबरोबर प्रत्येक पट्टी दाबायची सवय लावलीत तर गळा पेटीच्या मागे फरफटत जातो. पेटीचा स्वर तुटक, त्यात मींड येत नाही, म्हणून तर जाणत्यांनी तिला नावं ठेवली. 1940 ते 1971 आकाशवाणीने तिला दाराबाहेरच ठेवलं होतं. मूळची ती पाश्चात्त्य. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी 1875च्या सुमारास तिला मांडी घालून वाजवण्याजोगं रूप दिलं. मींड नसली तरी आपल्या पूजांच्या सरळ चालींना तिचं काही अडत नाही. गावात सप्ताह बसतो तेव्हा ऐका, भजनी मंडळातल्या बायका तिच्याच आधारावर किती मोकळ्या गातात. दिवसभर अद्रकाच्या शेतात वाकून आलेल्या असतात त्या.

एक घरगुती सूचना. पावसाळ्यात बंद पेटीत झुरळं, कोळी घर करतात. डांबरगोळ्या टाकू नका, त्यात जीव मरतात. उघडल्यावर आधी मऊ कापडाने हलकेच झाडा, मग भाता सोडा. रोज दहा मिनिटं वाजवलीत तर आत कुणी राहायलाच येत नाही. मंदिराच्या माळ्यावर एक जुनी पेटी कापडात बांधून पडून आहे. तिच्या दोन पट्ट्या अडकतात, बाकी सूर ठीक आहेत. येत्या सभेत मी ती खाली काढायला सांगणार आहे, आणि दुरुस्तीचा खर्च पार्टीच्या पैशांतून मागणार आहे.