फुटलेल्या गलबताची आरती

शाळेच्या भिंतीवर 'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे' असे रंगवून घेणाऱ्यांशी माझे जुने भांडण आहे. नापास झालेल्या मुलाला ती ओळ दाखवली, की मोठ्यांचे काम संपते. त्याचे गणित नेमके कुठे अडले, हे विचारण्याची जरूरच उरत नाही. प्रौढांच्या दुःखालाही आपण हीच मात्रा लावतो. होडी बुडाली, कलमांचा मोहोर जळाला, घरातला कर्ता पुरुष गेला, की ओटीवर बसून सांगणारा कोणी तरी भेटतोच : 'देव परीक्षा पाहतो,' नाही तर 'मागच्या जन्मीचे आहे, भोगायलाच हवे.' फराळाच्या ताटाशी ही तक्रार घेऊन आलो, म्हणून वाचकांनी रागावू नये.

या मंडळींना यहुदी गूढविद्येचा, म्हणजे कब्बालेचा, आधार मिळेल असे वाटणे साहजिक आहे. माणूस खाली उतरतो तो वर चढण्यासाठीच, असा विचार तिथे आहे खरा. पण त्यामागची कथा पुरती ऐकावी.

इसाक लुरिया १५३४ साली जेरुसलेमात जन्मला आणि १५७२ साली गालिलातल्या साफेद गावी साथीत वारला. वय अवघे अडतीस. त्याने स्वतः फार थोडे लिहिले. त्याची शिकवण शिष्याने, हाइम वितालने, लिहून काढली. ती अशी : ईश्वराने स्वतःला आकसून घेतले आणि जगाला जागा करून दिली. मग तेज भांड्यांत ओतले. भांड्यांना ते पेलले नाही. ती फुटली, आणि ठिणग्या टरफलांत अडकून खाली विखुरल्या. त्या सोडवून वर पाठवणे हे माणसाचे काम. त्याला 'तिक्कून', म्हणजे दुरुस्ती, असे नाव आहे.

आता पाहा, पहिली फूट सृष्टीच्या घडणीतच पडली आहे. विधवेला 'तुझेच पाप' म्हणण्याची सोय इथे सहजासहजी होत नाही. लुरिया पुनर्जन्म मानीत होता, हेही सांगितले पाहिजे. पण त्याचा भर राहिलेली दुरुस्ती पुरी करण्यावर आहे. फुटलेल्या भांड्यांची तो आरती करीत नाही, खापऱ्या वेचायला सांगतो. १४९२ साली स्पेनमधून हाकललेल्या यहुद्यांच्या दुःखातून हा विचार आला, असे गेर्शोम शोलेम या पंडिताचे मत. पुढच्या काही अभ्यासकांना ते पटत नाही. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा.

आपल्याला साफेदला जाण्याचीही गरज नाही. रत्नागिरीहून किनाऱ्याने उत्तरेला गेले, की अलिबागजवळ नवगाव लागते. बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत तिथे फुटले आणि सात पुरुष नि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. ही माणसे काही कब्बालेचे पंडित नव्हती. 'शमा'ची प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारचा विसावा, एवढ्या खापऱ्या त्यांच्या हाती उरल्या. त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी ते बंद ठेवले. म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. आठवड्याला एका दिवसाची कमाई सोडणे गरीब तेल्याला काय पडत असेल, याचा हिशेब भिंतीवर सुविचार रंगवणाऱ्यांनी करून पाहावा.

एलियाहू हन्नबीच्या नावाने ते मलिदा करतात : भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ किंवा साखर आणि फळे. पोथी नव्हती, तर परसातल्या माडाने काम भागवले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग उभे राहिले, असे सांगतात. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या.

आणि यातूनही सुख लागले असे नाही. इस्राएलला गेल्यावर तिथल्या काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या यहुदीपणावरच संशय घेतला, लग्ने अडवली. त्या वेळी कोणी 'देव परीक्षा पाहतो' म्हणत घरी बसले नाही. सत्याग्रह झाले, निदर्शने झाली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने व सरकारने ते सर्वार्थाने यहुदी असल्याची ग्वाही दिली. जहाज फुटले म्हणून ही माणसे मोठी झाली असे ज्याला म्हणायचे असेल, त्याने बुडालेल्यांनाही एकदा विचारावे. नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या समाध्या आहेत.