परशुरामाला नोटीस, एकलव्याला रेशन

"तुम्ही तुमचं भोगलेलं लिहा. पुराणात कशाला हात घालता? आणि ह्या गोष्टीतला माणूस त्या गोष्टीत नेऊन बसवायचा, हे परदेशी फॅड आहे." एका प्राध्यापकानं आम्हाला हे ऐकवलं. नाव छापत नाही. तो काय एकटा आहे?

म्हणजे गावाला गावकूस तसं गोष्टीलाही गावकूस. खांडेकरांनी 1959 मध्ये 'ययाति' लिहिली, तिला 1974 चं ज्ञानपीठ. सावंतांनी 1967 मध्ये कर्णाला बोलतं केलं, घरोघर पारायणं. त्यांनी पुराणात हात घातला की प्रतिभा. आम्ही घातला की फॅड! आमच्या वाट्याला फक्त आत्मकथन. रडा, आम्ही वाचतो.

आणि परदेशी कसलं? 1873 ची 'गुलामगिरी' काढा. त्यात जोतीराव थेट परशुरामाला पत्र धाडतात. तू चिरंजीव ना? मग हो हजर. मुदत सहा महिने. पुराणातला अवतार उचलला आणि इंग्रजी अमदानीच्या कचेरीत पुकारा केला! तो खोटा आहे म्हणून वाद घालत बसले नाहीत. भटांचीच गोष्ट खरी धरली अन् तिलाच साक्षीला उभं केलं. दीडशे वर्षं झाली, पक्षकार गैरहजर. असली खेळी कोण्या परदेशी पुस्तकातून आली, ते प्राध्यापकानं सांगावं.

पुढं आंबेडकरी जलशानं तमाशाचा साचा घेतला आणि आत ठाण मांडून बसलेले देव उठवले. 1955 साली तेव्हाच्या औरंगाबादेत, मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' झालं. रामायणापासून आजपर्यंतचा अन्याय एकाच नाटकात, युगामागून युग. (आमचं भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. जालना जिल्हा 1981 चा.)

आणि ह्याच जालना जिल्ह्यातल्या राजकुमार तांगडेनं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' लिहिलं, 2012 मध्ये. संभाजी भगतांची गाणी, नंदू माधवचं दिग्दर्शन. यम शिवाजीला न्यायला येतो. राजा जातो, पण त्याचा विचार खालीच राहतो. मग तो जिरेटोप घेऊन यम खाली उतरतो, विचार हुडकत. पुराणातला यम, इतिहासातला राजा आणि आजचा मोहल्ला. ज्यांनी शिवाजीला नुसता घोड्यावर बसवून ठेवला होता, त्यांना हे नाटक खालून वर बघायची सोय ठेवत नाही. टोपाखालचं डोकं विचारतं.

आता थोडं आपल्याच लोकांना. कवी भावांनो, राग येऊ द्या. एकलव्याला आपण कवितेत उभा केला, अंगठ्यातून रक्त गळतंय, अन् तो तसाच उभा आहे. इतकी वर्षं त्याला दुसरं काम दिलं नाही. शंबूकाचं नुसतं मुंडकं. मीही असल्या दहा-बारा कविता लिहिल्यात, फाडून टाकाव्या वाटतं. हे त्यांचंच चित्र आहे, आपण फक्त खालची ओळ बदलली. एकलव्य महाभारतातून बाहेर आलाच नाही तर द्रोणाला घाम कशाला फुटंल?

म्हणून धावड्यात 14 एप्रिलच्या रात्रीसाठी आम्ही पोरांनी एक खेळ लिहिलाय. एकलव्य रेशन दुकानात येतो. दुकानदार म्हणतो, "मशीनवर अंगठा लाव." एकलव्य हात दाखवतो.

"अंगठा कुठंय?"

"गुरुजीला दिला."

"मग गहू बी गुरुजीलाच माग."

पुढं एकलव्य रांगेतल्या लोकांना घेऊन द्रोणाच्या दारात जातो, पावती मागायला. तिथं शंबूक आधीच बसलेला. त्याला अजून हेच कळलेलं नाही की त्याचा गुन्हा कोणत्या वहीत लिहिला होता.

तालीम जिनिंगची पाळी सुटल्यावर होते. एकलव्य व्हायला सहा पोरं तयार आहेत. द्रोणाचं काम कोणी घेईना. कामून रे, विचारलं तर म्हणतात, "लोकं पुढं वर्षभर त्याच नावानं हाका मारतील." शेवटी ते मी घेतलंय. धोतर मात्र अजून मिळालं नाही.