स्वस्त जर्मन वाइन आणि महागात पडणारा गैरसमज

जर्मनीत नोकरीला असलेला मुलगा डिसेंबरच्या सुट्टीत माधवनगरला घरी येतो. बॅगेत चॉकलेटे, आईसाठी क्रीम आणि स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या दोन उंच, निमुळत्या बाटल्या. दोन लिटरपर्यंत मद्य विनाशुल्क आणता येते, तेवढ्यातच बसवलेल्या. वडील साठीच्या पुढचे. रक्तदाबाची गोळी बरीच वर्षे चालू आहे, मधुमेहाची गेल्या वर्षीपासून. तासगावकडे द्राक्षबाग. मुलगा सांगतो, "आप्पा, ही दारू नव्हे, वाइन आहे. तिथं पाच-सहा युरोला मिळते. जेवताना एक ग्लास हृदयाला चांगला असतो." आप्पा बाटली उजेडात धरतात आणि म्हणतात, "म्हणजे द्राक्षाचाच रस की!" आई दारातून विचारते, "गोळ्या चालू असताना चालतं का हे?" तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

असे प्रसंग आता सांगली-मिरजेच्या अनेक घरांत घडतात. मुलाच्या बोलण्यात तीन विधाने आहेत. जर्मन वाइन स्वस्त असते, ती दारू नसते आणि ती हृदयाला चांगली असते. पहिले जर्मनीपुरते खरे आहे. भारतात आयात वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क राहिले आहे, त्यामुळे तिथली स्वस्त बाटली इथे स्वस्त राहत नाही. उरलेली दोन विधाने मात्र तपासून पाहायला हवीत. त्यासाठी सुरुवात बाटलीच्या लेबलपासून करावी. जर्मन लेबल अवघड दिसते, पण द्राक्ष बागायतदाराला ते इतरांपेक्षा लवकर कळेल.

द्राक्ष काढणीला आले की बागायतदार मण्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकतो आणि ब्रिक्स बघतो. जर्मनीत हेच काम एक्स्ले नावाच्या मापाने होते. हे माप फोर्झहाइम गावच्या फर्डिनांड एक्स्ले यांच्या नावाने ओळखले जाते. ८० अंश एक्स्ले म्हणजे लिटरभर रस लिटरभर पाण्यापेक्षा ८० ग्रॅम जड. हे जास्तीचे वजन मुख्यतः साखरेचे. कॅबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ हे लेबलवरचे शब्द याच मापावर ठरतात. कॅबिनेट म्हणजे त्यातल्या त्यात कमी साखरेचे द्राक्ष, श्पेटलेझ म्हणजे उशिरा काढलेले, आउसलेझ म्हणजे निवडक, जास्त पिकलेल्या घडांचे. या दर्जाच्या वाइनमध्ये अल्कोहोल वाढवण्यासाठी रसात वरून साखर घालायला कायद्याने बंदी आहे.

मात्र हे शब्द काढणीच्या वेळी द्राक्षात असलेली साखर सांगतात, बाटलीतली नव्हे. बाटलीतल्या साखरेसाठी वेगळे शब्द आहेत. 'ट्रॉकन' म्हणजे कोरडी. तिच्यात लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते, आणि आंबटपणा पुरेसा असेल तर ९ ग्रॅमपर्यंत. 'हाल्बट्रॉकन' म्हणजे अर्धकोरडी. 'लीबलिश' गोडसर असते आणि तिची मर्यादा ४५ ग्रॅम. त्यापुढची 'झ्युस', म्हणजे गोड.

मग द्राक्षातली बाकीची साखर कुठे जाते? यीस्ट ती खाते आणि तिचे अल्कोहोल करते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्च झाली की अल्कोहोल एक टक्का वाढते. म्हणून एकाच बागेतल्या रसापासून दोन तऱ्हेच्या वाइन होऊ शकतात. आंबवणे मध्येच थांबवले, तर आठ-साडेआठ टक्क्यांची गोडसर वाइन मिळते. सगळी साखर आंबू दिली, तर अकरा-बारा टक्क्यांची कोरडी. 'द्राक्षाचाच रस' हे आप्पांचे म्हणणे इथेच चुकते. रसातली साखर गेली आणि तिच्या जागी अल्कोहोल आले. ते व्हिस्कीतल्या अल्कोहोलपेक्षा वेगळे नसते. ग्लास कोणता होता, हे यकृताला कळत नाही.

स्वस्तातली बरी वाइन निवडण्याची गुरुकिल्लीही याच लेबलवर आहे. जर्मनीतले बरेचसे द्राक्षपट्टे ५० अक्षांशाच्या आसपास आहेत. तिथे द्राक्ष सावकाश पिकते आणि त्यातला आंबटपणा टिकून राहतो. रिस्लिंग हे तिथले सर्वाधिक लागवडीचे वाण याच आंबटपणासाठी ओळखले जाते. लिंबाच्या सरबतात साखर बरीच असूनही ते मिट्ट लागत नाही, तसेच इथे होते. 'गुट्सआबफ्युलुंग' हा शब्द असेल, तर ज्याची द्राक्षे त्यानेच बाटली भरलेली असते. दर्जेदार जर्मन वाइनवर सरकारी तपासणीचा क्रमांक असतो. प्रयोगशाळेतली चाचणी आणि चाखणाऱ्यांची परीक्षा झाल्यावरच तो मिळतो. एवढे शब्द वाचता आले, तर साध्या किमतीची चांगली बाटली ओळखता येते.

किमतीवर विसंबू नये, याला शास्त्रीय आधार आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात लोकांना एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून दिली गेली, एकदा १० डॉलर आणि एकदा ९० डॉलर. ९० डॉलरची सांगितलेली वाइन लोकांना जास्त आवडली. एवढेच नव्हे, तर सुखाची जाणीव नोंदवणाऱ्या मेंदूच्या भागातील हालचालही वाढलेली दिसली. त्याच वर्षी अमेरिकेत सहा हजारांहून अधिक चाखण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाटली झाकलेली असताना सामान्य माणसाला महाग वाइन जास्त आवडत नाही, असे त्यात आढळले. २००१ मध्ये फ्रान्समधील बोर्दो इथल्या अभ्यासात पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती वाइनचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. जीभ आणि नाक जे सांगतात, त्यात डोळे आणि पाकीट ढवळाढवळ करतात. म्हणून बाटल्या फडक्यात गुंडाळून चाखणे हा प्रामाणिक मार्ग.

जिभेची मर्यादा दाखवणारी एक गंभीर घटना महाराष्ट्राने विसरू नये. १९८५ मध्ये ऑस्ट्रियातील काही उत्पादकांनी साध्या वाइनला गोडवा आणि दाटपणा यावा म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचे उघड झाले. जर्मनीत भरलेल्या काही बाटल्यांतही ते निघाले. चवीत ते खपून गेले होते. छडा लागला तो रासायनिक तपासणीत. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचे प्राण गेले आणि लेंटिन आयोग नेमावा लागला. हे रसायन मूत्रपिंडे निकामी करते आणि त्याची चव गोड असते. गोड आणि स्वस्त असे काही समोर आले, की गोडवा कशाचा हे जिभेला विचारून चालत नाही. कागद आणि प्रयोगशाळेलाच विचारावे लागते. बिनलेबलची 'घरगुती वाइन' कौतुकाने घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

आता हृदयाचा मुद्दा. ही समजूत पसरली १९९१ नंतर. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी आढळतो, आणि त्याचे कारण लाल वाइन असावे, अशी चर्चा अमेरिकन दूरचित्रवाणीवर झाली. लाल वाइनचा खप वाढला. द्राक्षाच्या सालीतले रेस्व्हेराट्रॉल हे द्रव्य प्रसिद्धीस आले. पण वाइनमध्ये ते लिटरला जेमतेम काही मिलिग्रॅम असते. प्राण्यांवरच्या प्रयोगांतले डोस याच्या कितीतरी पट. शिवाय ते येते सालीतून, आणि पांढरी वाइन करताना साल आधीच बाजूला काढतात. जर्मनीतल्या बहुतांश वाइन पांढऱ्या आहेत. म्हणजे जुना युक्तिवाद खरा धरला, तरी रिस्लिंगच्या बाटलीला तो लागू होत नाही.

जुन्या अभ्यासांत थोडी पिणारी माणसे न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसत, हे खरे. पण 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले जात. जेवणासोबत बेताने वाइन घेणारा वर्ग बहुधा सुस्थितीतला, चांगले खाणारा, नियमित तपासण्या करून घेणारा असे. चीनमधील पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत जनुकीय फरकांच्या आधारे हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत मद्याच्या प्रमाणासोबत रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढत गेला. माफक पिण्याने पक्षाघातापासून संरक्षण मिळते, असे दिसले नाही. हृदयविकाराच्या झटक्याबाबत तज्ज्ञांमध्ये अजून चर्चा आहे, पण कर्करोगाबाबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटातील, म्हणजे निःसंशय कर्करोगकारक ठरवले. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर थोड्या प्रमाणापासूनच वाढू लागतो. कितीही कमी मद्य सुरक्षित म्हणता येत नाही, असे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. खुद्द जर्मनीच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये मद्य न घेणेच उत्तम, अशी भूमिका घेतली. जिथून बाटली आली, त्या देशाचा हा सल्लाही बाटलीबरोबर घरी यायला हवा.

'एक ग्लास' म्हणजे किती, हेही मोजून पाहावे. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले १००, आणि आलेल्या उत्तराला ०.८ ने गुणायचे. हे झाले अल्कोहोलचे ग्रॅम. साडेबारा टक्के वाइनच्या १५० मिलिलिटरमध्ये सुमारे १५ ग्रॅम, साडेआठ टक्केवालीत सुमारे १०. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे २०. साडेबारा टक्क्यांची अख्खी बाटली म्हणजे ७५ ग्रॅम, साडेतीन पेगांहून जास्त. वाइन 'सौम्य' असते ती घोटापुरती. बाटली संपवली तर ती सौम्य राहत नाही. वाइनचे ग्लासही हल्ली एवढे मोठे मिळतात, की अर्धा म्हणून भरलेला ग्लास दीड होतो.

मधुमेही माणूस अशा वेळी गोडव्याला घाबरतो आणि अल्कोहोलकडे दुर्लक्ष करतो. लिटरला ४० ग्रॅम साखर असलेल्या वाइनच्या १५० मिलिलिटरमध्ये ६ ग्रॅम, म्हणजे दीडेक चमचा साखर असते. ती मोजायला हवीच. पण कोरडी वाइन घेतली म्हणून धोका टळत नाही. उपाशी वेळी रक्तातली साखर टिकवण्याचे काम यकृत करते. अल्कोहोल ते काम अडवते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, जेवण कमी झाले असेल, तर रात्री उशिरा साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, बरळणे, तोल जाणे, गुंगी ही तिची लक्षणे दारू चढल्यासारखीच दिसतात. घरचे म्हणतात, झोपू दे, सकाळी उतरेल. त्या 'झोपू दे'मध्ये जीव जाऊ शकतो. अशा वेळी वासावरून अंदाज न बांधता ग्लुकोमीटरने साखर तपासावी. ती कमी असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तोंडाने साखर द्यावी. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काही न घालता तडक रुग्णालय गाठावे. झोपेच्या, फिटच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्यांसोबत मद्य नकोच. यकृताचा आजार, गर्भारपण आणि वाहन चालवणे यांतही तडजोड नाही.

सांगली जिल्ह्यात या विषयाला आणखी एक पदर आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटांत वाइन विकायला मुभा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा द्राक्ष उत्पादकाचे हित हे कारण पुढे केले गेले. पलूसला वाइन पार्कही उभारले गेले. पण जिल्ह्यातल्या बागा मुख्यतः थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका अशा खाण्याच्या आणि बेदाण्याच्या वाणांच्या. वाइनचे वाण वेगळे. बागायतदाराला दर मिळावा, हे कुणीही मान्य करील. मात्र त्याच्या अडचणीचा उपाय म्हणून इतरांच्या जेवणाच्या ताटाशेजारी रोजचा ग्लास मांडणे आणि त्याला आरोग्याचे नाव देणे, हे आरोग्यशास्त्राला मान्य होणारे नाही. व्यापाराची बाजू व्यापाराच्या भाषेत मांडावी. हृदयाला त्यात ओढू नये.

जे पीत नाहीत, त्यांनी प्रकृतीसाठी सुरू करण्याचे काहीही कारण नाही. ज्यांना कायद्याच्या चौकटीत राहून चवीचे कुतूहल भागवायचे आहे, त्यांनी व्यावसायिक चाखणाऱ्यांची रीत पाहावी. ते थोडेसे ओततात, वास घेतात, घोट तोंडात घोळवतात आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकतात. चव नाक आणि जिभेला कळते, त्यासाठी ती रक्तापर्यंत पोचावी लागत नाही. गिळायचीच असेल, तर कमी टक्क्यांची, जेवणासोबत, मोजून आणि क्वचित. 'रोज थोडी' हा नियम कुणीही लावून घेऊ नये.

आणि बाटली उघडण्याआधी आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. गोळ्यांची पाकिटे टेबलावर ठेवावीत, डॉक्टरांना फोन करावा. त्या घरात त्या संध्याकाळी सर्वांत शास्त्रीय प्रश्न तिनेच विचारला होता.